लाइटनिंग एक्सएस-८९४ : एका रात्रीच्या अपघाताचं चालतं मॉडेल बनवताना

९ सप्टेंबर २०२३, शनिवार

काय बनवायचंय ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या नोंदींना संदर्भ राहील.

८ सप्टेंबर १९७० च्या रात्री ब्रिटिश हवाईदलाचं लाइटनिंग एफ-६ जातीचं लढाऊ विमान, क्रमांक एक्सएस-८९४, यॉर्कशरच्या फ्लॅम्बरो हेडसमोर उत्तर समुद्रात गेलं. वैमानिक होता कॅप्टन विल्यम शॅफनर, वय २८. तो अमेरिकी हवाईदलाचा. अदलाबदलीच्या नेमणुकीवर लिंकनशरमधल्या बिनब्रुक तळावर, ५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये आला होता. युद्ध नव्हतं, तळाच्या तयारीची परीक्षा चालू होती. जवळजवळ दोन महिन्यांनी समुद्राच्या तळाशी विमान सापडलं, बरंचसं अखंड. कॉकपिट रिकामं होतं. शॅफनर कधीच सापडला नाही.

१९९२ मध्ये ग्रिम्सबीच्या स्थानिक वृत्तपत्रात या घटनेवर उडत्या तबकडीची गोष्ट छापून आली आणि ती आजही फिरते. २००२ मध्ये बीबीसीने चौकशीचा अहवाल मिळवून दाखवला. त्यात सगळं साध्या भाषेत लिहिलेलं आहे. तरी इंटरनेटवर नाव शोधलं की आधी तबकडीच येते. त्या माणसाला मुलं होती. त्यांच्या वडिलांच्या मृत्यूचा असा तमाशा झालेला मला सहन होत नाही, म्हणून हे काम हातात घेतलंय.

लीड्सला आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात, १८ नोव्हेंबरला, मुलांनी आणि मोठ्यांनी हाताने चालवून बघावीत अशी दोन मॉडेलं ठेवायची. पहिलं : अंधारी पेटी. समोर एक दिवा, हातात विमान चालवायची काठी, बाजूला उंची दाखवणारी काट्याची तबकडी. दुसरं : इजेक्शन सीटची, म्हणजे संकटात वैमानिकासकट विमानाबाहेर उडणाऱ्या सीटची साखळी : हँडल ओढल्यापासून सीट सुटेपर्यंत काय काय व्हावं लागतं ते लाकूड-लोखंडात.

१० सप्टेंबर

आज हत्यारांना हात लावला नाही. अहवालातून मॉडेलला लागणारे आकडे काढले.

१८:३४ ला शॅफनरला विमानाकडे जायचा हुकूम. १९:४७ ला उड्डाणाचा हुकूम, पण विमान धावपट्टीकडे निघाल्यावर तो रद्द झाला. परत येऊन त्याने फक्त इंधन मागितलं, बाकी तपासणी नको म्हणाला. इंधनाला उशीर होत गेला, आणि त्यातच त्याला कळवलं गेलं की तयार झाल्या झाल्या निघायचंय. तंत्रज्ञांचं काम पुरं होण्याआधीच त्याने इंजिनं सुरू करवली, देखभालीच्या प्रमाणपत्रावर सही न करता २०:२५ ला निघाला. धावपट्टीवर वळताना विमानावर राहिलेला धातूचा नोंदफलक प्रमाणपत्रासकट खाली पडला. २०:३० ला उड्डाण.

दरम्यान परीक्षकांनी कार्यक्रम बदलला होता, आणि हे तळालाही ठाऊक नव्हतं, स्क्वाड्रनलाही नव्हतं. नेहमीच्या पाठलागाऐवजी आता संथ, खालून उडणाऱ्या विमानाच्या मागे राहायचं होतं. ते विमान म्हणजे शॅकल्टन, समुद्रावर गस्त घालणारं चार इंजिनांचं जुनं यंत्र. वेग १६० नॉट (ताशी सागरी मैल), उंची १५०० फूट. अशा सरावासाठी लाइटनिंगचा किमान वेग २०० नॉट धरलेला होता, तोही प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात. हुकूम म्हणून कुठेही नव्हता.

शॅफनर नवशिका नव्हता. अमेरिकेच्या एफ-१०२ लढाऊ विमानांवर दोन नेमणुका करून आला होता. पण लाइटनिंगवर त्याचे १२१ तास झाले होते आणि त्यातले रात्रीचे फक्त १८. आठ आठवड्यांत त्याला मर्यादित कामांसाठी युद्धसज्ज ठरवलं गेलं. मर्यादा अशी की लक्ष्य डोळ्यांना दिसत असेल तरच त्याने मागे राहण्याचं काम करावं. या तंत्राचं खास शिक्षण त्याला मिळालेलं नव्हतं.

लक्ष्य २८ सागरी मैलांवर असताना त्याला वेग मॅक ०.९५ (आवाजाच्या वेगाच्या ०.९५ पट) पर्यंत वाढवायला सांगितलं गेलं, कारण आधीच्या लाइटनिंगला मोकळं करायचं होतं. मी गणित मांडलं : तो सहाशेच्या वर नॉट, समोरचा १६०. हे अंतर संपायला पावणेचार मिनिटंही लागत नाहीत. तेवढ्यात सहाशेवरून दोनशेवर यायचं, अंधारात, समुद्रावर, दिवा शोधत. दिवे दिसतायत, पण वेग कमी करायला वळणं घ्यावी लागतील, असं तो रेडिओवर म्हणाला. आवाज ताणलेला होता. दुसऱ्या लाइटनिंगच्या वैमानिकाला तो शॅकल्टनच्या मागे साधारण २००० यार्डांवर, ५०० ते १००० फूट वर, डावीकडे वळताना दिसला. मग शॅकल्टनच्या लोकांना तो फार खाली दिसला. त्यानंतर त्याच्याकडून उत्तर आलं नाही.

पेटीत मला एवढंच उभं करायचंय : शेवटची दोन मिनिटं.

१६ सप्टेंबर

पहिला प्रयत्न लॅपटॉपवर केला. घरात होतं ते उड्डाणाचं सॉफ्टवेअर, काळा समुद्र, एक दिवा. फसलं. लॅपटॉपचा पडदा काळा दाखवतो तेव्हाही मागून उजेड गळतो, कडा दिसतात, आणि कडा दिसल्या की डोळ्याला चौकट मिळते. चौकट मिळाली की दिवा कुठे आहे ते कळतं. खऱ्या अंधारात ती नसते. प्रोजेक्टरचंही तेच होणार. शिवाय मुलांना तो व्हिडिओ गेम वाटला असता, आणि मला ते नको होतं.

खरी पेटीच करायची. खरा दिवा, मोटारीने हलणारा.

पुढचा आठवडा गणपतीचा, काम बंद.

२४ सप्टेंबर

९ मिलिमीटर प्लायवूडची पेटी, लांबी १२०० मिलिमीटर, आतून काळा मॅट रंग. पुढे डोळे लावायची खिडकी, मागच्या टोकाला दिव्याची सरकपट्टी.

रंग वाळल्यावर आत एक साधा एलईडी लावून बघितलं तर चारही भिंती चमकत होत्या. मॅट रंग तिरप्या उजेडात मॅट राहत नाही. दुर्बिणीच्या नळीत लावतात तो मखमली काळा चिकट कागद आणून आतून लावला. २२ पौंड गेले, पण फरक जमीन-अस्मानाचा. कुणी ही पेटी करणार असेल तर रंगाचा खर्च आणि तो वाळायचा वेळ दोन्ही वाचवा, थेट कागद लावा.

एलईडी फार प्रखर होता. मंद करायला गेलं की शेवटच्या टप्प्यात उजेड पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतो आणि ते डोळ्याला कळतं. शेवटी २२ किलोओहमचा रोध घातला आणि समोर ॲल्युमिनियमच्या फॉइलला सुईने भोक पाडून लावलं. आता तो लांबच्या दिव्यासारखा दिसतो.

खोलीतले दिवे घालवून पेटीत बघत बसलो. काही सेकंदांनी दिवा हलायला लागला. मोटार जोडलेलीही नव्हती. अंधारात एकटा स्थिर ठिपका बघत राहिलं की तो तरंगल्यासारखा वाटतो, ही डोळ्यांची जुनी, अभ्यासलेली गोष्ट आहे. शॅफनरला तसं झालं असं अहवालात कुठेही नाही, त्यामुळे फलकावरही तसं लिहिणार नाही. पण रात्री एका दिव्यावर विसंबून उडणं म्हणजे काय ते इथे बसल्यावर कळतं.

३० सप्टेंबर

यॉर्कजवळ एल्व्हिंग्टनच्या संग्रहालयात एक्सएस-९०३ बघून आलो. हेही एफ-६ जातीचंच. दोन एव्हन इंजिनं एकावर एक रचलेली, त्यामुळे धड उंच आणि चपटं. पंख ६० अंश मागे झुकलेले. कॉकपिट जमिनीपासून इतकं वर आहे की शिडीशिवाय विचारच करू नये. कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, मागच्या बिजागरीवर वर उघडते. ती बिजागरी नीट बघायची होती, दुसऱ्या मॉडेलसाठी. फोटो घेतले.

हे विमान वर झेपावण्यासाठी बांधलेलं आहे. १६० नॉटच्या मागे ताटकळत राहणं हे त्याचं काम नाही, हे बाजूला उभं राहिलं की पंख बघूनच पटतं.

७ ऑक्टोबर

उंचीच्या तबकडीला २८बीवायजे-४८ ही स्वस्त, पायरी-पायरीने फिरणारी स्टेपर मोटार घेतली, आर्डुइनो नॅनो या छोट्या नियंत्रक बोर्डावर. एका फेऱ्याला १००० फूट. विमानातल्या तबकडीची ही नक्कल नव्हे, वाचता येण्याशी मतलब.

पहिली अडचण : वीज गेली की काटा कुठे आहे हे मोटारीला कळत नाही. खाचेचा प्रकाश-संवेदक लावला. सुरू करताना काटा आधी शून्यावर जाऊन येतो.

दुसरी अडचण जास्त वाईट. मोटार टकटक वाजते. उंची कमी व्हायला लागली की टकटक वाढायची, आणि बसलेला माणूस लगेच तबकडीकडे बघायचा. म्हणजे माझं यंत्र त्याला सावध करत होतं. रबराच्या चकत्या लावल्या, थोडाच फरक पडला. मोटार खाली नेऊन पट्ट्याने काटा फिरवला, तरी कंप प्लायवूडमधून वर येत होता. अखेर हेडफोन लावले आणि इंजिनाचा एकसुरी आवाज सोडला. आवाज मुद्दाम वेगाशी जोडला नाही, नाहीतर त्यानेही सुगावा लागला असता.

८ ऑक्टोबर

आज आकडेमोडीचा दिवस, आणि सगळ्यात उपयोगी सापडलेली गोष्टही आजचीच.

पहिल्या कोडमध्ये विमान खाली गेलं की दिवा वर सरकायचा. बरोबरच आहे : २००० यार्डांवरून ५०० फूट खाली गेलं तर दिवा साधारण पाच अंश वर जातो. बायको बसली आणि लगेच म्हणाली, "दिवा वर चाललाय, म्हणजे मी खाली चाललेय." ती आरामात वाचली. मग अडचण कुठे होती त्याची?

अडचण नाकात आहे. वैमानिक दिवा काचेत एका जागी धरून ठेवतो, काठीने नाक वर-खाली करून. दिवा पाच अंश वर गेला तर नाक पाच अंश वर केलं की तो पुन्हा मध्ये. वेग कमी होताना नाक वर करावंच लागतं, म्हणून त्यात वेगळं काही केल्यासारखंही वाटत नाही. दिवा काचेच्या मध्यावर आहे याचा उंचीशी काहीही संबंध उरत नाही. कोडमध्ये दिव्याच्या कोनातून नाकाचा कोन वजा केला, आणि त्या एका ओळीने पेटी बदलली. आता दिवा मध्ये, सगळं ठीक वाटतंय, आणि तबकडी उतरतेय.

वेगाचं कोष्टकही घातलं. संथ उडताना पंखाला तेवढंच वजन पेलायला नाक वर न्यावं लागतं, हवेची ओढ वाढते, आणि एका मर्यादेखाली जितकं संथ व्हाल तितकी जास्त ताकद लागते. त्यात भर म्हणून हवेचे ब्रेक आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) बाहेर. माझे आकडे लाइटनिंगचे नाहीत, चाल दाखवण्यापुरते आहेत, असं पेटीवर ठळक लिहिणार. मिनिटाला १५०० फूट उतार लागला तर २००० फूट ८० सेकंदांत संपतात. हा भागाकार मात्र खरा आहे.

१४ ऑक्टोबर

नाना आले होते. साताऱ्याचे, भारतीय हवाईदलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे, होते, मिग-२१ वर बरीच वर्षं. मुलीकडे लीड्सला आलेत. पेटीत बसले आणि बुडाले. पुन्हा बसले, पुन्हा बुडाले. मग हेडफोन काढून माझ्याकडे बघितलं.

"अरे, ह्यात वाचायची सोयच नाहीये. कुणालाही बसव, बुडणारच. मग माणसाला शिकायला काय मिळणार?"

"नाना, खरा वैमानिकही..."

"तो कशाने गेला ते वेगळं. तबकडी बघणारा ह्यात वाचायलाच पाहिजे. नाहीतर हे जत्रेतलं फसवं खेळणं झालं."

बरोबर होतं त्यांचं. ताकद वाढवल्यावर विमान सावरायला मी इतका उशीर ठेवला होता की ८०० फुटांवर जाग आली तरी उपयोग नव्हता. दुपारभर दोघांनी आकडे बदलले. नाना बसायचे, मी कोड बदलायचो. आता असं आहे : दर थोड्या वेळाने तबकडीवर नजर टाकणारा वाचतो. दिव्यावरच खिळलेला बुडतो. ३०० फुटांखाली जाग आली तर आफ्टरबर्नर (इंजिनाला जादा ताकद देणारी सोय) टाकूनही सावरत नाही.

अहवालातही शेवट असाच आहे. दोन्ही थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद ठरवणारे दांडे, आफ्टरबर्नरच्या खाचेत सापडले. शेपूट पाण्याला घासत असताना त्याने ताकद मागितली होती, ती मिळेपर्यंत उशीर झाला होता. विमान कमी वेगाने, शेपूट खाली ठेवून पाण्यावर टेकलं, घसरत जाऊन थांबलं. स्फोट नाही, आग नाही. सीटची साखळी सोडली तर धडकेच्या वेळी विमानात बिघाड असल्याची कुठलीही खूण तज्ज्ञांना मिळाली नाही.

चहा घेताना मी नानांना सही न करता निघाल्याचं सांगितलं. आपल्याकडेही तोच फॉर्म ७००, म्हणजे विमानाच्या देखभालीची नोंदवही, ब्रिटिशांकडून आलेला. नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पायलट घाईत असतो रे. त्याला घाई लावणारे दुसरेच असतात. आम्ही शिडी धरून उभे असायचो, ओरडून सांगायचो, साहेब सही राहिली. तो फलक खाली पडला म्हणजे कुणाला ओरडायलाही वेळ मिळाला नसणार." हे त्यांच्या परवानगीने त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवलं.

२१ ऑक्टोबर

दुसरं मॉडेल. माझ्या मते हेच जास्त महत्त्वाचं. बुडण्याची कारणं अनेक आहेत, वाचता न येण्याचं कारण एक आहे.

साखळी अशी : वैमानिक गुडघ्यांमधलं हँडल ओढतो. त्याने आधी कॅनॉपीच्या गनची, म्हणजे काडतुसाने कॅनॉपी उडवणाऱ्या नळीची, पिन सुटते. ठोकणी काडतुसावर आपटते, काडतूस उडतं, कॅनॉपी विमानापासून सुटून जाते. कॅनॉपी गेली की मधली अडसर-कडी बाजूला होते, आणि तेव्हाच सीटच्या मुख्य गनची पिन निघू शकते. कॅनॉपी जागेवर असताना सीट उडाली तर माणूस तिच्यावर आदळेल, म्हणून ही कडी.

समुद्रातून काढलेल्या विमानात काय दिसलं : हँडल कडीने अडवलं तिथपर्यंत पूर्ण ओढलेलं. कॅनॉपीच्या गनची पिन निघालेली. काडतुसावर फक्त हलका ठोका. ते उडालंच नव्हतं. ठोका हलका का? ब्रीच, म्हणजे गनचा ठोकणी असलेला, आट्यांवर बसणारा भाग, नीट बसलेलं नव्हतं, कारण त्याचे आटे खराब होते. देखभालीतला निष्काळजीपणा, असं अहवाल म्हणतो.

म्हणजे शॅफनरने आपल्या वाट्याचं केलं होतं. हँडल ओढलं होतं. पुढे त्याने कॅनॉपी हाताने उघडली, पट्ट्यांचं कुलूप सोडलं, ऑक्सिजनची जोडणी सोडवली. तराफ्याच्या पेटीची दोरीही त्याच्या जॅकेटपासून सुटलेली होती. तो विमानातून बाहेर पडला. रात्री, उत्तर समुद्रात, तराफ्याशिवाय.

लाकडी सीट, पितळी बिजागरीवर ॲक्रिलिकची कॅनॉपी, सायकलच्या ब्रेकची वायर हँडलला. कडीसाठी ३ मिलिमीटर ॲल्युमिनियमची पट्टी. ती पहिल्याच जोरात वाकली. मुलं याहून जोरात ओढणार. पोलादाची पट्टी कापून घातली, कानशीने कडा मारल्या.

२२ ऑक्टोबर

ब्रीचसाठी आटे थ्रीडी प्रिंटरवर छापून बघितले. दुसऱ्या-तिसऱ्या वापरातच भुसा झाले. हार्डवेअरच्या दुकानातून १६ मिलिमीटरचा बोल्ट आणि लांब नट आणला, बोल्टच्या आत आरपार भोक पाडून घेतलं, त्यात ठोकणी आणि स्प्रिंग.

आता आटे खराब करायचे. तिकोनी कानशीने सुरुवातीचे आटे मारले तर नट चढेचना, आणि हे कुणालाही कळेल. म्हणून दुसरा बोल्ट घेतला आणि शेवटापासून दोन आटे अलीकडे मारलं. आता नट छान फिरत जातो, मग जड होतो, मग घट्ट. पाना लावला तरी हाताला वाटतं, बसला. प्रत्यक्षात ४ मिलिमीटर बाकी आहे आणि ठोकणी तेवढी दूर राहते. नेमके कुठले आटे कसे खराब होते तसं मी बनवलेलं नाही, हे आमच्या मॉडेलचं आहे. पण हाताची फसगत अशीच होते. नानांनी फिरवून बघितला आणि मोजमापाशिवाय सांगता येणार नाही म्हणाले.

ठोका दाखवायला दिवाळीच्या टिकल्या वापरल्या. नीट बसलेल्या ब्रीचवर टिकली फुटते, खराब आट्यांच्या ब्रीचवर नुसता खळगा पडतो. इतकं स्पष्ट दुसऱ्या कशाने दाखवता येत नाही. पण सभागृहाने ठिणगी उडणाऱ्या कुठल्याही वस्तूला मनाई केली. पिझो चकतीने ठोका मोजून दिवा लावायचा प्रयत्न केला, ती टेबलाला धक्का लागला तरी पेटायची. यात वेळ गेला. शेवटी कार्बन पेपर : ठोकणीखाली पांढरा कागद, वर कार्बन. चांगल्या ब्रीचचा ठिपका ठसठशीत, खराबचा जेमतेम. बॅटरी लागत नाही, आवाज नाही, आणि कागद मुलांना घरी नेता येतो.

२९ ऑक्टोबर

फलकांचा मजकूर. समितीतल्या एकांनी सुचवलं की शीर्षकात उडती तबकडी घातली तर गर्दी होईल, आत खरं सांगूच की. मी नाही म्हणालो. वाद झाला, वाढला, मग थांबला. माझं म्हणणं असं की शीर्षक वाचून पुढे जाणारेच जास्त असतात, आणि त्यांच्या डोक्यात तबकडीच राहील. त्या गोष्टीबद्दल खालच्या फलकावर दोन ओळी ठेवल्या : ती कधी छापली गेली आणि अहवाल काय सांगतो. शीर्षक : 'लाइटनिंग एक्सएस-८९४, ८ सप्टेंबर १९७०'.

५ नोव्हेंबर

संध्याकाळी फ्लॅम्बरो हेडला जाऊन आलो. दीपगृहाजवळ खडूच्या कड्यावर अंधार पडेपर्यंत उभा राहिलो. लांब एक जहाज होतं. ढग होते, पाणी आणि आकाश यांच्यामध्ये रेषा दिसत नव्हती. जहाज किती लांब आहे ते सांगता आलं नसतं. घरी येऊन पेटीतला दिवा आणखी मंद केला. फॉइलचं भोक लहान करून पुन्हा लावलं.

१८ नोव्हेंबर

कार्यक्रम झाला. पेटीसमोर रांग होती. हेडफोनचा एक कान दुपारनंतर बंद पडला, उंचीच्या काट्याचा पट्टा घसरायला लागला, दर अर्ध्या तासाने यंत्र बंद करून काटा शून्यावर आणावा लागला.

मोठी माणसं जास्त बुडाली. गाडी चालवणारे दिव्याकडेच बघतात. एक मुलगी सतत तबकडी बघत राहिली, दिवा हरवला, पण वाचली. बाहेर येऊन म्हणाली, "काका, मला दिवा सापडलाच नाही." मी म्हटलं, तुझं बरोबर होतं.

सीटच्या मॉडेलपाशी नाना उभे होते. प्रत्येकाला दोन्ही नट बसवायला लावायचे आणि विचारायचे, कुठला बसला? बहुतेकांनी दोन्ही म्हणून सांगितलं. मग हँडल ओढायचं, कागद बघायचा. एका मुलाने अडकलेलं हँडल दोन्ही हातांनी, पाय टेबलाला लावून ओढलं, कडी हलली नाही. "पण ह्याने ओढलं होतं ना?" हो, ओढलं होतं. तो रांगेत पुन्हा आला आणि तेच करून बघितलं.

फलकावर १८ तास आणि १२१ तास हे आकडे होते. बऱ्याच जणांनी विचारलं की हे कमी की जास्त. ते तिथे स्पष्ट होत नव्हतं. ही उणीव भरायला हवी.

२५ नोव्हेंबर

दुरुस्त्या. घसरणाऱ्या पट्ट्याच्या जागी दात्यांचा पट्टा आणि दात्यांची पुली लावली, आता काटा चुकत नाही. हेडफोनची वायर टेबलाच्या कडेला घासून तुटली होती, ती पेटीच्या वरून आणली. कार्बन पेपरची गादी हवी, सुटे कागद सरकतात.

फलकावर एक ओळ वाढवली : त्या रात्रीचं काम करण्याचं वेगळं शिक्षण त्याला मिळालेलं नव्हतं. तासांच्या आकड्यापेक्षा हे लवकर कळतं.

खर्च : प्लायवूड आणि रंग ३५ पौंड, मखमली कागद २२, इलेक्ट्रॉनिक्स ३०, नट-बोल्ट आणि पट्ट्या १८, जुनी जॉयस्टिक १०. एकूण ११५. रंग, थ्रीडी प्रिंट आणि पिझो टाळले तर यापेक्षा कमीत होईल आणि वेळ बराच वाचेल. टिकल्यांची परवानगी मिळणार असेल तर कार्बनऐवजी त्याच वापरा.

जानेवारीत हल शहरातल्या मित्रांनी पेटी मागवलीय. १२०० मिलिमीटरची पेटी गाडीत आडवी मावत नाही, म्हणून मधून कापून दोन तुकडे करणार आणि सांध्यावर आतून मखमली कागदाची पट्टी लावणार, म्हणजे उजेड आत येणार नाही. सांध्याला कॅच कुठले लावायचे ते नानांना विचारायचंय.